दोराचे दुसरे टोक

पर्वत म्हटला की आपल्या मनापुढे एकांत उभा राहतो. आल्प्समध्ये मात्र एक कडा असा आहे की, एकांत हे सुख त्याच्या वाट्याला कधी आलेच नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड गावाच्या डोक्यावर आयगर नावाचे शिखर आहे. त्याची उंची ३९६७ मीटर. हिमालयाच्या पंक्तीला त्याला बसवायचे म्हटले तर पाटही मिळायचा नाही. १८५८ सालीच चार्ल्स बॅरिंग्टन नावाचा एक आयरिश गृहस्थ ख्रिश्चन आल्मर आणि पीटर बोहरेन ह्या दोन वाटाड्यांना घेऊन पश्चिमेच्या अंगाने त्याच्या माथ्यावर जाऊन आला होता. तेव्हा शिखर म्हणून आयगर केव्हाच जिंकला गेला होता. उरली होती ती त्याची उत्तरेकडची भिंत.

ही भिंत सुमारे १८०० मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. म्हणजे अख्खी कळसूबाई समुद्रातून उचलून ह्या भिंतीला टेकवून ठेवली, तरी वर दीडशे मीटर भिंत उरेल. चुनखडीचा काळा खडक, त्यावर बर्फाचे तुकडे चिकटलेले, आणि दिवस वर आला की वरून दगडांचा मारा. रात्रीच्या थंडीत बर्फ ह्या दगडांना मुठीत धरून ठेवतो. ऊब लागली की मूठ सुटते. दगड कोणावर रागावून येत नाही आणि कोणाला ओळखूनही येत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण भिंतीचे खरे वेगळेपण तिच्या उंचीत नाही, तिच्या जागेत आहे. तिच्या समोरच क्लायने शायडेग नावाची खिंड आहे, खिंडीत आगगाडीचे स्टेशन आहे आणि स्टेशनाशेजारी हॉटेल आहे. हॉटेलाच्या अंगणात दुर्बिणी मांडलेल्या असत. समोरच्या भिंतीवर माणसे जिवाच्या आकांताने बोटे रोवीत असत आणि इकडे कॉफीचा पेला खाली ठेवून एखादी बाई दुर्बिणीला डोळा लावीत असे. एवढेही पुरेसे नव्हते म्हणून की काय, १८९६ साली सुरू होऊन १९१२ साली पुरी झालेली युंगफ्राऊची रेल्वे आयगरच्या पोटातूनच बोगदा खोदून नेली आहे. बोगद्यातला राडारोडा बाहेर टाकण्यासाठी त्या भिंतीला एक भोक पाडले होते. त्याला पुढे दार बसवले. एका बाजूला रुळांवरून गाडीत बसून जाणारे प्रवासी आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला तुटलेला कडा. पुढे चित्रपटवाले इथे आले ते १९७४ साली. पण रंगमंच आणि प्रेक्षागृह त्यांच्या कितीतरी आधी बांधून तयार होते.

त्या रंगमंचावरचा पहिला मोठा प्रयोग १९३५ च्या ऑगस्टमध्ये झाला. माक्स झेडलमायर आणि कार्ल मेहरिंगर हे दोन जर्मन तरुण भिंतीवर चढले, काही दिवस दुर्बिणींतून दिसत राहिले, मग ढग आले आणि ते पुन्हा जिवंत दिसले नाहीत. जर्मन भाषेत उत्तरभिंतीला ‘नॉर्डवांड’ म्हणतात. वृत्तपत्रांनी त्यातले एक अक्षर बदलले आणि ‘मॉर्डवांड’ केले. म्हणजे खुनी भिंत. दुसऱ्या वर्षी, १८ जुलै १९३६ रोजी, चौघेजण निघाले. टोनी कुर्त्स आणि आंद्रेआस हिंटरश्टॉयसर हे बव्हेरियाचे, विली आंगेरर आणि एडी राइनर हे ऑस्ट्रियाचे. कुर्त्सचे वय तेवीस होते.

वर जाताना एका गुळगुळीत पाषाणाने त्यांची वाट अडवली. हिंटरश्टॉयसरने दोराचा ताण घेत, शरीर तिरपे टाकून तो पाषाण आडवा ओलांडला. त्याच्यामागून बाकीचे आले आणि मागचा दोर त्यांनी काढून घेतला. दोर पुढे लागणारच होता आणि परत ह्याच वाटेने यायचे कोणाच्या मनात नव्हते. मग वरून आलेल्या एका दगडाने आंगेरर जखमी झाला. हवा बिघडली. चौघे जखमी माणसाला सांभाळीत मागे फिरले आणि त्या पाषाणापाशी आले तर त्यावर बर्फाचा कवच चढलेला. दोर नाही म्हणून पलीकडे जाता येईना. तेव्हा दोरावरून सरळ खाली घसरत उतरायचे, एवढाच एक उपाय उरला.

२१ जुलैला रेल्वेचा पहारेकरी आल्बर्ट फॉन आल्मेन ह्याने बोगद्याचे ते दार उघडून वर हाक घातली. वरून उत्तर आले की सगळे ठीक आहे. तो भला माणूस त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेला. पुष्कळ वेळाने तो पुन्हा दाराशी आला, तेव्हा हाकेला उत्तर द्यायला एकटा कुर्त्स उरला होता. वरून आलेल्या लोंढ्यात हिंटरश्टॉयसर थेट खाली गेला होता. आंगेरर आणि राइनर दोरांतच अडकून मेले होते. त्या दोन प्रेतांच्या मध्ये, एका दोराला लोंबकळत, कुर्त्सने रात्र काढली. त्याचा डावा हात गोठून निकामी झाला.

सकाळी वाटाडे दारातून बाहेर येऊन भिंतीवरून त्याच्या खालपर्यंत पोहोचले. पण कुर्त्स लोंबकळत होता तो खडक बाहेर झुकलेला. वर चढून त्याच्यापर्यंत जाणे अशक्य. तेव्हा कुर्त्सने एका हाताने आणि दातांनी दोराचे पेड उलगडले, त्यांची एक लांब सुतळी केली आणि खाली सोडली. ह्या कामाला तास न् तास लागले. वाटाड्यांनी त्या सुतळीला दोर बांधून वर दिला. दोर लांबीला कमी पडला, म्हणून त्याला दुसरा दोर गाठीने जोडला. कुर्त्स त्यावरून उतरू लागला. उतरता उतरता ती गाठ त्याच्या कमरेच्या कॅराबिनरपाशी आली आणि अडली. ताग भिजून थिजला की तारेसारखा ताठ होतो. दोन दोरांची ती गाठ कडीतून जाईना. एक वाटाड्या दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या कुऱ्हाडीचे टोक कुर्त्सच्या बुटांच्या खिळ्यांना लागत होते. तेवढे अंतर राहिले. आता आपल्याच्याने होत नाही, असे सांगून कुर्त्स गेला.

१९३८ च्या जुलैमध्ये ही भिंत अखेर चढली गेली. आंडर्ल हेकमायर, लुडविग फोर्ग, हाइनरिश हारर आणि फ्रिट्स कास्पारेक २४ जुलैला माथ्यावर आले. ऑस्ट्रिया त्याच वर्षी जर्मनीने गिळला होता. दोन जर्मन व दोन ऑस्ट्रियन एका दोरावर, हे दृश्य हिटलरच्या राज्याला आयतेच मिळाले आणि त्या चौघांना त्याच्यापुढे नेऊन मिरवण्यात आले. म्हणजे दुर्बिणीशी आता सरकारही येऊन उभे राहिले. ह्यांतला हारर पुढे नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना युद्धात सापडला, देहराडूनच्या छावणीत इंग्रजांचा कैदी झाला आणि १९४४ साली तिथून निसटून तिबेटात गेला. त्याचे तिबेटावरचे पुस्तक आपल्याकडे पुष्कळांनी वाचलेले असते. पण आयगरच्या भिंतीचा इतिहासही त्यानेच लिहिला आणि कुर्त्सची कहाणी जगभर गेली ती मुख्यतः त्या पुस्तकातून.

प्रेक्षकांची भूक मात्र ह्या विजयाने भागली नाही. १९५७ साली इटलीच्या क्लाउडियो कोर्तीला माथ्यावरून पोलादी तार सोडून वर काढले. आल्फ्रेड हेलेपार्ट नावाचा माणूस त्या तारेवरून खाली गेला आणि कोर्तीला पाठीवर बांधून घेऊन आला. कोर्तीचा सोबती स्तेफानो लोंगी खाली राहिला आणि तिथेच मेला. त्याचे प्रेत दोन वर्षे त्या भिंतीवर लोंबत होते आणि दुर्बिणींपुढे माणसे उभी राहत होती. १९६६ च्या मार्चमध्ये अमेरिकन जॉन हार्लिन सरळ वर जाणारी नवी वाट काढीत होता. २२ तारखेला तो ज्या दोरावरून चढत होता तो तुटला. पीटर गिलमन नावाचा बातमीदार त्या वेळी दुर्बिणीतून पाहत होता. त्याच्या भिंगातून एक आकृती खाली पडत गेली. हार्लिनचा सोबती, स्कॉटलंडचा डूगल हॅस्टन, जर्मन चढाईकरांबरोबर ती वाट पुरी करून माथ्यावर गेला. हॅस्टनचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता चित्रपटाकडे वळतो. १९७२ साली अमेरिकेत ‘दि आयगर सँक्शन’ नावाची कादंबरी निघाली. लेखकाचे नाव ट्रेव्हेनियन. हे टोपणनाव, खरा लेखक रॉडनी व्हिटेकर नावाचा प्राध्यापक. कादंबरीचा नायक कलेचा प्राध्यापक आहे आणि फावल्या वेळात सरकारी हस्तकांसाठी खून करतो. आयगर चढणाऱ्या तुकडीत एक शत्रू आहे. तो कोण हे शोधून त्याला संपवायचे, हे त्याचे काम. कथेतला हा गुप्तहेरीचा भाग सोडून द्या. तसल्या कथांना आपल्या स्टेशनांवरही तोटा नाही. क्लिंट ईस्टवुडने ती चित्रपटासाठी घेतली. दिग्दर्शक तोच आणि नायकही तोच. चित्रीकरण १९७४ सालचे, प्रदर्शन १९७५ सालचे. म्हणजे चित्रपट माझ्या जन्माआधीचा.

मी शाळेत शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे चित्रपटाच्या शास्त्राबद्दल अधिकाराने काही बोलावे असे नाही. पण कथानक कुठून येते, हे ह्या धंद्यातल्या माणसाला कळते. चित्रपटात आयगरवर चौघेजण चढतात. एकाच्या डोक्यावर दगड येतो. हवा बिघडते. जखमी माणूस दगावतो, बाकीचे माघार घेतात. आणखी दोघे पडतात. शेवटी एकटा नायक दोराला लोंबकळत राहतो आणि त्याच्या समोर बोगद्याचे तेच दार असते. दारात सुटकेला आलेली माणसे, त्यांच्या हातांत दोर, आणि दोन दोरांमध्ये थोडेसे अंतर. चौघे, दगड, माघार, दार, अंतर. ही १९३६ ची जुलै आहे. फक्त नावे बदलली आहेत आणि शेवट बदलला आहे.

ह्यात चोरी झाली असे मला म्हणायचे नाही. इतिहासातून घेतल्याशिवाय कादंबरी होत नाही, मीही घेतो. प्रश्न आहे तो जे घेतले त्याची किंमत कोणी भरली, हा.

ती किंमत कळायला चित्रीकरण कसे होते ते थोडे पाहिले पाहिजे. पस्तीस मिलिमीटरची फीत कॅमेऱ्यातून मिनिटाला ९० फूट धावते. ४०० फुटांची फीत साडेचार मिनिटांतही संपते. मग ती बदलायची. खाली खोल दरी आणि बोटे थंडीने बधिर झालेली असताना बदलायची. शिवाय पडद्यावर कड्याला चिकटलेला एक माणूस आपल्याला दिसतो, तेव्हा न दिसणारा दुसरा माणूस त्याच्या आधी तिथे कॅमेरा घेऊन लोंबकळत असतो. आणि त्या दोघांच्याही आधी तिसरा कोणी पिटॉन ठोकून, दोर बांधून, वजन टाकून बघून गेलेला असतो. अवघड वाट म्हणून नायक जी चढतो, ती कोणीतरी त्याच्याआधी ओझे घेऊन चढलेला असतो. आयगरवर ही माणसे मिळवायची म्हणजे खरे चढाईकरच लागणार. त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी हॅमिश मॅकिनेस ह्या स्कॉटिश गिर्यारोहकाकडे होती. पर्वतात अडकलेल्यांना सोडवण्याचे शास्त्र त्याने आयुष्यभर घडवले. ह्याच कामासाठी घडी करता येणारे स्ट्रेचर त्याने तयार केले. कड्यावरच्या कॅमेऱ्याचे काम माइक हूवर ह्या अमेरिकन चढाईकराकडे होते. आणि दोर सांभाळणाऱ्यांत डूगल हॅस्टन होता. आठ वर्षांपूर्वी हार्लिन ज्या भिंतीवरून पडला, तिथेच तो आता चित्रपटासाठी उभा होता.

ईस्टवुड तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. हूवरने त्याला अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर चढाईचे शिक्षण दिले आणि आपल्या जागी दुसरा माणूस न घालता शक्य तितके आपणच करायचे, असे त्याने ठरवले. ह्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. अमेरिकेच्या मॉन्युमेंट व्हॅलीत टोटेम पोल नावाचा दगडाचा उंच सुळका आहे; तो नाव्हाहो लोकांच्या मुलखात येतो. त्यावर चित्रीकरण करायला परवानगी मिळाली, ती आधीच्या चढाईकरांनी मारून ठेवलेले पिटॉन काढून नेण्याच्या अटीवर. मला ही अट फार आवडली. आपल्या मुलखातल्या खडकात दुसऱ्याचा खिळा राहू नये, एवढेच त्या लोकांनी मागितले.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये मंडळी क्लायने शायडेगला आली आणि त्याच जुन्या हॉटेलात उतरली. काम नुकतेच सुरू झाले होते. वरून दगड कोसळत येतात, असा प्रसंग घ्यायचा होता. चढणाऱ्याच्या डोळ्यांना ते दगड कसे दिसतील, तसा. त्या कामासाठी हूवरबरोबर कड्यावर डेव्हिड नोल्स नावाचा सत्तावीस वर्षांचा इंग्रज चढाईकर होता. तो चित्रपटात नटाच्या जागी चढायचा आणि कॅमेऱ्यालाही हात लावायचा. तिथे खरा दगड आला. नोल्स जागीच ठार झाला. हूवरच्या कमरेच्या हाडाला तडा गेला; तो वाचला.

खोट्या दगडांच्या प्रसंगात खरा दगड यावा, ह्याला कोणी दैवाचा खेळ म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. आरंभी सांगितले तेच खरे आहे: ऊब लागली की मूठ सुटते. खाली कॅमेरा चालू आहे की बंद, हे भिंतीला समजत नाही. ‘अ‍ॅक्शन’ आणि ‘कट’ हे शब्द माणसांनी माणसांसाठी केलेले आहेत. नटाने तलवारीचा वार खाल्ला की तो उठून चहा प्यायला जातो, कारण समोरचाही नट असतो. इथे समोरचा नट नव्हता.

ईस्टवुडने काम बंद करायचा विचार केला. पण चढाईकरांनीच त्याला सांगितले की पुढे चालू ठेवा. त्यांचे म्हणणे मला समजते. ज्यांचा धंदाच दोरावरचा आहे, त्यांच्या घरी असल्या बातम्या आधीही येऊन गेलेल्या असतात. अर्धवट टाकलेल्या कामासाठी मित्र गेला, हे त्यांना जास्त जड गेले असते. तरीही त्यांचे म्हणणे समजणे वेगळे आणि आपण त्याने निश्चिंत होणे वेगळे. निर्णय त्यांचा होता. करमणूक आपली होती.

मग तो शेवटचा प्रसंग आला. नायक दोराला लोंबकळतो आहे. बोगद्याच्या दारातून त्याच्याकडे दुसरा दोर येतो. तो दोर कमरेला अडकवायचा आणि आपला जुना दोर आपल्याच हाताने कापायचा, म्हणजे खाली जाता जाता दारातली माणसे ओढून घेतील. ईस्टवुडने हे स्वतः केले. खाली हजारो फुटांची पोकळी होती आणि त्याच्या हातात चाकू होता. सुरक्षेची सगळी व्यवस्था केलेली असली, तरी ज्या दोरावर आपण लोंबतो आहोत त्याला सुरी लावायला हाताला वेगळेच धैर्य लागते. पडद्यावर दोर कापला जातो, नायक खाली कोसळतो, दुसरा दोर ताणला जातो, आणि तो वाचतो.

मी तो प्रसंग पाहिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नायक नव्हता. कुर्त्सलाही दोर कापावा लागला होता, मेलेल्या मित्राचा. त्यालाही खालून दुसरा दोर मिळाला होता. त्याच्याही खाली हात पसरलेली माणसे होती. फक्त मध्ये एक गाठ आली. अडतीस वर्षांनी चित्रपटाने ती गाठ काढून टाकली. कादंबरीकाराला आणि दिग्दर्शकाला हा अधिकार असतो. वाचकाला व प्रेक्षकाला तेच हवे असते. सर्वांच्या मनात कुठेतरी हे असतेच की तो पोरगा वाचायला हवा होता. एका अर्थाने तो चित्रपट म्हणजे कुर्त्सला वाचवण्याची एक उशिरा केलेली धडपड आहे. आणि ती करताना कड्याने कुर्त्सहून चारच वर्षांनी मोठा असलेला दुसरा पोरगा घेतला. त्याच्यासाठी कुठल्या कथेत गाठ सोडवलेली नाही.

हॅस्टनने दुसऱ्या वर्षी, २४ सप्टेंबर १९७५ रोजी, डग स्कॉटबरोबर एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून माथा गाठला. त्या मोहिमेत मॅकिनेसही होता. म्हणजे ज्या सुमारास लोक चित्रपटगृहात नायकाच्या पराक्रमाला टाळ्या देत होते, त्याच सुमारास त्याचा दोर धरणारा माणूस जगाच्या माथ्यावर उभा होता. १९७७ च्या जानेवारीत हॅस्टन स्वित्झर्लंडमध्येच, लेझाँ गावाजवळ बर्फावर घसरत जात असताना हिमलोटाखाली सापडून मेला. मॅकिनेस मात्र नव्वदी गाठून २०२० साली गेला.

भिंतीवर पुढेही कॅमेरे आले. कुर्त्सची खरी गोष्ट २००८ साली जर्मन चित्रपटात आली. तिच्यात गाठ आहे आणि शेवटही खरा आहे. त्याआधी २००५ साली जॉन हार्लिनचा मुलगा ही भिंत चढून गेला. बाप पडला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. नावही बापाचेच. त्याच्या चढाईचे चित्रीकरण मोठ्या पडद्याच्या चित्रपटासाठी झाले आणि ते करायला पुन्हा कोणीतरी त्याच्या आधी, कॅमेऱ्याचे ओझे घेऊन, त्या भिंतीवर लोंबकळत होतेच.

मुलांना इतिहास शिकवताना मी पाहतो की त्यांना शिखरावर कोण गेला हे पाठ होते. दोर कोणी धरला, हे पुस्तकातच नसते, तर पाठ कसे होणार? चित्रपटातही तसेच आहे. दोराचे एक टोक पडद्यावर असते. दुसरे टोक चौकटीच्या बाहेर जाते आणि तिथे कोणाच्या तरी हातात असते. त्या हाताला नाव असते. ह्या एका दोराच्या टोकाला जे होते त्याचे नाव डेव्हिड नोल्स, आणि वय सत्तावीस. पडद्यावर दगड कोसळताना दिसले की एवढे आठवावे, म्हणजे पुष्कळ झाले.